गणपूर्ती

वाशीच्या सेक्टर सतरातून आणली तीन जुनी यंत्रं,
कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीची.
स्टिकरं अजून तशीच: अकाउंट्स, अकाउंट्स, रिसेप्शन.
बाथरूमवरच्या माळ्यावर चढवली,
पाइपापासून हातभर लांब.
खाडीची हवा. स्क्रू आधीच तांबूस.

रुपेन म्हणाला, एकसष्ट जीबीसाठी एवढं?
पेनड्राइव्हवर मावेल, किल्लीला लावून फिर.

मी कागदावर चौकोन काढत होते.

एका पेटीत दोन डिस्क, एकमेकींचा आरसा:
स्वस्त पडतं, बिलही कमी.
पण पेटीचाच पॉवर सप्लाय गेला तर?
समोरचा दिवा विझल्यावर
आरशातला कुठे तेवत राहतो?

नाहीतर तिन्ही यंत्रांत एकेक प्रत.
म्हणजे बारा टीबी विकत घ्यायचे, वापरायला चार.
रुपेनने हिशोब दोनदा केला आणि हसला.
जमीन देऊन साडेबारा टक्के परत घेतलेल्यांना,
त्याच प्लॉटवरच्या चौथ्या मजल्यावर,
हे गणित समजवावं लागत नाही.

मग महापेला टाक, तुझ्याच ऑफिसात.
महापेला मी रात्रपाळीत दुसऱ्यांच्या डिस्क राखते.
लाल दिवा लागला की ट्रॉली ढकलत जाते,
मेलेली काढते, नवी सरकवते,
आत काय होतं विचारत नाही.
म्हणूनच नको.

एकसष्ट जीबी म्हणजे घणसोली गावातल्या तिघी:
नामीआत्या, चांगुणाबाय, जोमीबाय.
हळदीच्या रात्री मांडवात बसून धवले म्हणायच्या.
कागद नाही, वही नाही.
एक अडली की दोघी पुढे नेत,
दोघींचं जुळलं नाही की तिसरीकडे बघत,
ती मान हलवी,
नवरी तेवढ्यात चहा पिऊन घेई.

नीट कुणीच टिपलं नाही.
व्हिडिओवाल्याने वरून बँजो चिकटवला,
एका लग्नात तर अर्धा तास नुसता जनरेटर.
चांगुणाबाय कोविडात गेली.
जोमीबायला आता मुलगाही ओळखू येत नाही.

तिसऱ्या रात्री, बघावं म्हणून,
मी माळ्यावरच्या दोन यंत्रांच्या केबल उपटल्या.
उरलेल्याचा पंखा फिरत होता,
सगळी प्रत त्याच्यापाशी शाबूत,
तरी नवं अक्षर लिहून घेईना.
एकट्याने स्वतःला खरं धरायचं नाही,
असंच त्याला शिकवलेलं.
आमच्या सोसायटीत गणपूर्ती नसली
तर अर्ध्या तासाने त्याच जागी सभा भरते,
आहेत तेवढ्यांत ठराव मंजूर.
यंत्रं एवढी समजूतदार नसतात.

रविवारी आत्यासमोर फोन धरला.
"एकलीनं धवला नाय गायचा गो."
येतो ना सगळा?
"येतं तं सगला."
मग?
"मंग काय."
आणि वाल सोलत बसली.

एक बारकासा बोर्ड मिळतो, तळहातावर मावेल एवढा.
त्यात प्रत नसते, काहीच नसतं.
दोघांचं फाटलं की तो फक्त मत देतो,
एरवी नुसता हजर असतो.
माझ्या कागदावर कोपऱ्यात होता,
पहिल्याच दिवशी खोडलेला.

चांगुणाबायची सून हेमलता अर्धंमुर्धं जाणते.
आली ती हाताला तांदळाचं पीठ घेऊन.
आत्याच्या उजवीकडे बसली.
मला तर एक ओळ येत नाही, मी म्हटलं.
"तू बस नुसती," आत्याने डावीकडची चटई थोपटली.

पदर सारखा केला.
दोन्ही बाजूंना बघितलं, मोजल्यासारखं.

मी लाल बटण दाबलं.
गल्लीत कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं,
तिची ती किरटी ट्यून.
राहील तीही आता,
तिन्ही ठिकाणी.